झेंडा, ध्वज, निशाण आणि मुंबईचा बावटा

आमच्या दादरच्या सोसायटीत यंदा 26 जानेवारीच्या नोटिशीवर लेखी भांडण झालं. सेक्रेटरींनी लिहिलं होतं, ‘सकाळी 8 वाजता झेंडावंदन’. दुसऱ्या मजल्यावरच्या निवृत्त मास्तरांनी त्यावर काट मारून वर ‘ध्वजारोहण’ केलं. लिफ्टपाशी भेटले तेव्हा म्हणाले, "अहो, झेंडा मोर्च्याचा असतो. राष्ट्राचा तो ध्वज."

मास्तरांपुढे मी मान हलवली, पण पटलं नाही.

झेंडा हलका शब्द कधी झाला? 1758 मध्ये मराठी फौजा अटकेपर्यंत पोचल्या आणि त्यावरून आपल्याला ‘अटकेपार झेंडा लावणे’ मिळालं. शेजाऱ्यांची मुलगी परदेशात नाव काढते तेव्हा आपण तेच म्हणतो. ‘अटकेपार ध्वजारोहण केलं’ असं म्हणून बघा, एकदम तहसीलदारांचा दौरा डोळ्यासमोर येतो. 

आता ध्वज. हा संस्कृत शब्द आहे खरा, पण त्यात कापड असायलाच हवं असं नाही. अर्जुन कपिध्वज, विष्णू गरुडध्वज, कामदेव मकरध्वज. म्हणजे ध्वज ही ओळख: काठीवर कोण बसलंय ते. फडफडणारं कापड ती पताका. मध्य प्रदेशात विदिशेजवळ बेसनगरला हेलिओडोरस नावाच्या यवन (म्हणजे ग्रीक) दूताने इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात दगडी खांब उभारला. त्यावरच्या लेखात त्या खांबालाच ‘गरुडध्वज’ म्हटलंय. अख्खा दगडाचा ध्वज, वारा सुटला तरी हलणार नाही!

या अर्थाने पाहिलं तर तिरंग्याचं ध्वजपण त्याच्या चक्रात आहे. 22 जुलै 1947 रोजी संविधान सभेने राष्ट्रध्वज स्वीकारला, तेव्हा आधीच्या झेंड्यावरचा चरखा जाऊन त्या जागी चोवीस आऱ्यांचं निळं चक्र आलं. कारण अगदी व्यवहारी होतं. चरखा मागच्या बाजूने उलटा दिसतो, चक्र दोन्हीकडून सारखंच. आणि हे चक्र घेतलं कुठून, तर सारनाथच्या अशोकस्तंभाच्या शीर्षावरून. पुन्हा दगडी खांबच.

(रंगावरूनही गल्लत होते. वरचा पट्टा केशरी, भगवा नव्हे. भगवा गेरूकडे झुकणारा, संन्याशाच्या छाटीचा आणि वारकऱ्यांच्या पताकेचा. ध्वजसंहितेत ‘केशरी’च आहे.)

निशाण फारसीतून आलं, अर्थ खूण. निशाणी त्याच घरातली. बंडाचं निशाण, तहाचं पांढरं निशाण. मात्र निषेधाला काळे झेंडेच लागतात; काळी निशाणं दाखवल्याची बातमी मी तरी वाचलेली नाही.

माझा लाडका शब्द मात्र बावटा. गुजरातीत वावटो, कोकणीत बावटो, म्हणजे सगळा किनाऱ्यावरचा गोतावळा. मुंबईत पावसाळ्यात वादळी हवेचा इशारा असला की अजूनही बातमी येते, ‘बंदरावर तीन नंबरचा बावटा’. ससून डॉकवर ते ऐकलं की मचव्यावरचा माणूस समजून घेतो. गंमत अशी की बंदरात त्या वेळी कापडाचा झेंडा नसतोच. दिवसा खांबावर शंकू आणि नळकांड्याच्या आकाराच्या खुणा चढवतात, रात्री लाल-पांढरे दिवे. तरी मराठी माणूस त्याला बावटाच म्हणतो, कारण बावट्याचं काम सांगावा देणं. आगगाडीच्या गार्डाचाही बावटाच, हिरवा असो की लाल.

आणि गिरणगाव. 1928 च्या संपात उभी राहिलेली गिरणी कामगार युनियन लोकांच्या तोंडी ‘लाल बावटा’ याच नावाने राहिली. पुढे अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि गव्हाणकर यांच्या कलापथकाचं नावही लाल बावटाच. तिथे ‘रक्तध्वज’ शोभला नसता. परळ-लालबागच्या जुन्या माणसाला विचारा, तो आजही "कुठल्या बावट्याचा तू?" म्हणजे कुठल्या युनियनचा, हे लगेच समजेल.

राहिलं ध्वजारोहण. आरोहण म्हणजे चढणं. खालून दोरीने झेंडा वर जातो ते आरोहण. आमच्याकडे काय होतं? आदल्या रात्री वॉचमन घडी घातलेला झेंडा वर बांधून ठेवतो, आत झेंडूच्या पाकळ्या (ध्वजसंहितेची त्याला परवानगी आहे), आणि सकाळी पाहुणे दोरी ओढतात. दोन वर्षांपूर्वी गाठ काही केल्या सुटेना, तेव्हा ‘आरोहण’ झालं ते वॉचमनचं, शिडीवरून. म्हणजे दिल्लीत 26 जानेवारीला राष्ट्रपती करतात तेच आपणही करतो, झेंडा उलगडतो, फडकवतो. जमलेले बाकीचे चाळीस जण तर तेही करत नाहीत, ते वंदन करतात. मग त्यांना बोलावणारी नोटीस कशाची असायला हवी?

सेक्रेटरींनी शेवटी ‘ध्वजवंदन’ लिहून दोघांनाही खूश केलं. तिसऱ्या मजल्यावरचा चिंटू मात्र जिन्यातून ओरडत होता, "झेंडावंदनाला जिलबी आहे का?"

वसई, अलिबाग, मालवणकडच्या मंडळींना विचारायचंय: होडीवर लावता त्याला तुमच्याकडे अजून बावटाच म्हणतात, की तिथेही झेंडा शिरला?