तोंड ते जठर, सगळं एकमेकांत मिसळतंय. व्हायवासाठी सल्ला हवा

जीएनएम_दुसरं_वर्ष:
नर्सिंगच्या मेडिकल सर्जिकल विषयाची व्हायवा, म्हणजे तोंडी परीक्षा, दहा दिवसांवर आलीय. तोंड, अन्ननलिका, जठर तीनदा वाचलं, पण पुस्तक मिटलं की सगळ्या आजारांत मळमळ आणि सगळ्यांत पोटदुखी! काल मॅडमनी गॅस्ट्रिक (जठरातला) आणि ड्युओडेनल (लहान आतड्याच्या सुरुवातीचा) अल्सर, म्हणजे व्रण, यांतला फरक विचारला. मी बरोब्बर उलटा सांगितला. नोट्स, व्हिडिओ, काहीही सुचवा.

रातपाळी_१२वर्षं:
नोट्स राहू देत. प्रत्येक आजाराला एकच विचार, जेवणाशी तुझं काय भांडण? गॅस्ट्रिकवाल्याला जेवल्यावर अर्ध्या-एक तासात दुखतं, म्हणून तो जेवायलाच घाबरतो आणि वाळतो. ड्युओडेनलवाल्याला दोन-तीन तासांनी, पोट रिकामं झालं की दुखतं, रात्री उठवतं आणि खाल्लं की थांबतं. उशाखाली बिस्किटांचा पुडा दिसला की मी मनात ड्युओडेनल म्हणते. नेहमी खरं ठरत नाही, पक्कं काय ते एंडोस्कोपीत, म्हणजे तोंडातून दुर्बीण घालून बघितल्यावरच कळतं.

गिळण्याचंही तसंच. आधी भाकरी अडकते, मग वरणभात, शेवटी पाणी, असं असेल तर अन्ननलिकेचा कॅन्सर डोक्यात आलाच पाहिजे. पाणी आणि भाकरी दोन्ही पहिल्यापासून अडकतात ते अकॅलेशिया, कारण अन्ननलिकेची खालची झडप सैलच होत नाही. जीईआरडीत, म्हणजे जठरातलं आम्ल अन्ननलिकेत वर येण्याच्या आजारात, तीच झडप नको तेव्हा उघडते.

जीएनएम_दुसरं_वर्ष:
सिस्टर, हे लगेच बसलं डोक्यात! तोंडातल्या पांढऱ्या चट्ट्यांचं काय?

दातवाली:
गॉझने हलकेच पुसून बघ. निघाला आणि खाली लाल दिसलं तर बहुधा कॅन्डिडा, म्हणजे बुरशी. दम्याचा पंप घेऊन चूळ न भरणाऱ्यांत हमखास दिसतो. पुसून निघत नसेल तर ल्युकोप्लाकियाचा (पुढे कॅन्सर होऊ शकणारा चट्टा) संशय घ्यायचा, बायोप्सीला पाठवायचं. आणि तोंड उघडायला सांगायला विसरू नकोस. पेशंटची स्वतःची तीन बोटं उभी आत गेली पाहिजेत. गेल्या आठवड्यात एकवीस वर्षांचा मुलगा आला, तक्रार काय, तर पाणीपुरी तोंडात जात नाही. दोनच बोटं गेली. सबम्यूकस फायब्रोसिस, म्हणजे गुटखा-सुपारीने तोंडाचं आतलं अस्तर कडक होणं. महाराष्ट्रात गुटखाबंदी २०१२ पासून आहे, पुडी मात्र त्याच्या खिशातच होती.

खडू_फळा:
मी शिकवते, म्हणून सांगते. व्हायवात लक्षणांवर थांबू नकोस, पुढचा प्रश्न नर्सिंग केअरचाच येतो. जीईआरडी असेल तर जेवल्यावर दोन-तीन तास आडवं व्हायचं नाही, पलंगाची डोक्याकडची बाजू सहा इंच उचलायची. नुसत्या उशा रचल्या तर पोट दुमडतं, त्रास वाढतो. जठर काढल्यानंतरच्या डम्पिंगमध्ये, म्हणजे अन्न आतड्यात फार वेगाने उतरतं तेव्हा, नेमकं उलटं, जेवल्यावर अर्धा तास पडून राहायचं, जेवताना पाणी नाही, गोड कमी. दर वर्षी निम्मा वर्ग इथे घसरतो.
एंडोस्कोपीनंतर घसा बधिर असतो. गॅग रिफ्लेक्स (घशाला काही लागलं की येणारी उबळ) परत येईपर्यंत घोटभरही पाणी नाही, नातेवाईक चहाचा थर्मास घेऊन उभे असले तरी.

जीएनएम_दुसरं_वर्ष:
अल्सरच्या कारणांत तिखट आणि टेन्शन लिहायचं ना?

खडू_फळा:
पहिलं कारण एच. पायलोरी हे जठरातले जंतू, दुसरं वेदनाशामक गोळ्या. तिखटाने असलेलं दुखणं वाढू शकतं, एवढंच. पर्थच्या बॅरी मार्शलनी १९८४ मध्ये ते जंतू स्वतः पिऊन जठराला सूज आणून दाखवली. २००५ चं नोबेल त्यांना आणि रॉबिन वॉरेनना मिळालं.

रातपाळी_१२वर्षं:
गोळ्यांवरून माझी चूक सांगते. एक आजी गुडघ्यांसाठी मेडिकलमधून सुट्या गोळ्या आणून खायच्या. "शी काळी होते गं" म्हणाल्या. आयर्न चालू होतं, मी सोडून दिलं. पहाटे नाडी १२४, बीपी खाली. आयर्नची शी काळी-हिरवट असते, पण डांबरासारखी चिकट नसते आणि तो वासही नसतो. मेलिनाचा, म्हणजे पोटातल्या रक्तस्रावाने काळ्या झालेल्या शीचा, वास एकदा आला की विसरत नाही. आजी वाचल्या. तेव्हापासून डायपर मी स्वतः उघडून बघते.

आणि अल्सरच्या पेशंटचं पोट अचानक फळीसारखं कडक झालं तर तोंडाने काही द्यायचं नाही, आधी डॉक्टरांना फोन.

जीएनएम_दुसरं_वर्ष:
सगळं वहीत उतरवलं. उशाखालचा पुडा व्हायवात सांगितला तर चालेल का?

खडू_फळा:
आधी "दोन ते तीन तासांनी" म्हण, मग पुडा काढ.