विषय: पाडव्याचं तिकीट ४० की ४३.६०? (आज रात्रीच्या आत ठरवा)

प्रेषक: मंजिरी

श्रीकांत, आपल्या मंडळाच्या पाडव्याच्या कार्यक्रमाची दुसरी आठवणीची मेल आज रात्री जाणार आहे, ती कृपया थांबव. फ्लायरवर आणि तिकिटाच्या पानावर ४० डॉलर लिहिलंय, आणि कार्डाचा नंबर टाकायच्या पायरीवर ४३.६० होतात. कॅलिफोर्नियात १ जुलै २०२४ पासून हे चालत नाही. राज्याचा कायदाच आहे, एसबी ४७८. जी फी भरल्याशिवाय तिकीट मिळतच नाही, ती पहिल्या दाखवलेल्या किमतीतच धरायची. मी गणपतीच्या वेळीही बोलले होते, तेव्हा "पुढच्या कार्यक्रमाला बघू" असं ठरलं होतं. हाच तो पुढचा कार्यक्रम.

प्रेषक: श्रीकांत (खजिनदार)

मंजिरी, मेल थांबवली आहे. पण तीन गोष्टी. एक, ते ३.६० आपल्याला मिळत नाहीत, तिकीट कंपनीला जातात. दोन, आपण ना-नफा संस्था आहोत, दुकान नाही. तीन, फ्लायरच्या तळाशी "अधिक प्रोसेसिंग फी" असं छापलेलं आहे. आपण फी सोसायची म्हटलं, तर २८० खुर्च्या गुणिले ३.६० म्हणजे १००८ डॉलर. एवढ्यात साऊंडवाल्याचं बिल निघतं. नाटकाचा संच येतोय, हॉलची अनामत गेली आहे, माझ्याकडे १००८ डॉलर कुठूनही येणार नाहीत.

प्रेषक: नाना

मी खजिनदार असताना दोन्ही वेळा चेक आणि रोख यांवर अख्खा दिवाळी कार्यक्रम उभा केला. एक सेंट फी कोणाला दिली नाही. ही तिकीट कंपनी कोणी आणली ते सगळ्यांना माहीत आहे, मी तेव्हाच विरोध केला होता. झेल ठेवा (बँकेतून बँकेत थेट पैसे), प्रश्न संपला.

प्रेषक: मंजिरी

नाना, झेलचा पर्याय त्या पानावर नाहीच. नव्या माणसाला समितीत कोणाला फोन करायचा हेही माहीत नसतं. त्याच्यासाठी कार्ड हा एकच रस्ता आहे, म्हणून फी सक्तीचीच झाली.

श्रीकांत, हा नियम ग्राहक कायद्याच्या कलमात घातलेला आहे, आणि त्या कायद्यातल्या 'व्यक्ती'च्या व्याख्येत कंपनी, असोसिएशन, कुठल्याही पद्धतीने बांधलेला गट, सगळे येतात. ना-नफा म्हणून सुटका नाही. पैसे कोणाच्या खिशात जातात यावरही काही अवलंबून नाही, घेणाऱ्याला किती द्यावे लागतात तेवढंच बघतात. वगळता येतात ते फक्त सरकारने लावलेले कर आणि शुल्क, आणि वस्तू पाठवायची असेल तर टपालाचा वाजवी खर्च. तळाशी बारीक अक्षरात "अधिक फी" लिहून भागत नाही, हे अ‍ॅटर्नी जनरलच्या कार्यालयाने प्रश्नोत्तरांत स्पष्ट सांगितलंय.

आणि फी तुम्ही सोसा असं मी म्हणतच नाही! मंडळाला ४३.६० हवेत ना? मग ४३.६० लिहा. खाली "यात ३.६० तिकीट कंपनीचे" असं खुशाल फोडून दाखवा. आकडा वाढवायला कायद्याची ना नाही, तो आधी सांगावा लागतो एवढंच. चार जणांचं कुटुंब मनात १६० धरून बसतं आणि शेवटच्या पायरीवर १७४.४० दिसतात. सगळे अर्ज भरून झालेले असतात, मुलं मागे उभी असतात, म्हणून माणूस गुपचूप भरतो. हॉटेलं आणि मैफलींची तिकिटं विकणारे हेच करत होते, म्हणून तर कायदा आला. आपण आपल्याच माणसांशी असं वागू नये.

प्रेषक: वृंदा

मग केटररच्या कोटेशनचं काय? त्याने पाडव्याच्या जेवणावर १८ टक्के सर्व्हिस चार्ज लावलाय. तोही चुकीचा ना? मी त्याला तसं फोनवर सांगून बसले आहे.

प्रेषक: मंजिरी

वृंदाताई, नाही हो, त्याला परत फोन करा. उपाहारगृहं आणि केटरिंगच्या करारांना एसबी १५२४ ने वेगळं ठेवलंय, २०२४ च्या जूनमध्ये, मूळ कायदा लागू व्हायच्या तोंडावर. त्याने चार्ज किती आणि कशासाठी हे ठळक लिहिलेलं हवं. कोटेशनमध्ये "कशासाठी" आहे का ते बघा.

प्रेषक: वृंदा

"कशासाठी" नाही. विचारते. श्रीखंड त्याच्याकडून नकोच, दर वर्षीप्रमाणे आम्ही पाच जणी करतो, तेवढ्या रकमेवरचे १८ टक्के वाचतील.

प्रेषक: अनघा

कायद्याचा विषय निघालाच आहे म्हणून. गणपतीचे फोटो माझ्या लेकाने काढले. ६०० डॉलर ठरले होते, हातात पडले दिवाळी उलटल्यावर, आणि मध्येच "आरतीचा व्हिडिओही कापून दे, मग चेक काढतो" असं झालं. घरचंच मंडळ म्हणून तो गप्प बसला, मीही बसले. पण १ जानेवारी २०२५ पासून स्वतंत्र काम करणाऱ्यांसाठी एसबी ९८८ आहे. फोटो, व्हिडिओ, ग्राफिक डिझाइन अशी २५० डॉलर किंवा त्यावरची कामं लेखी करारावर द्यायची. तारीख लिहिली नसेल तर काम संपल्यापासून ३० दिवसांत पैसे. काम सुरू झाल्यावर वेळेत पैसे देण्यासाठी वाढीव काम मागता येत नाही. मुलाने इतर ठिकाणी हे सांगून पैसे वेळेत घेतले, आपल्याकडे मात्र त्याची जीभ रेटली नाही. मला त्याचं वाईट वाटतं.

प्रेषक: श्रीकांत

अनघाताई, चूक माझी. चेकवर दोन सह्या लागतात आणि दुसरी सही भारतात होती, पण ती त्याची अडचण नव्हती. व्हिडिओचं मी बोललो, तेही बोलायला नको होतं. त्याला मी स्वतः फोन करतो आणि त्या व्हिडिओचे वेगळे पैसे देतो. पाडव्याच्या फोटोंसाठी एक पानाचा करार करतो: दोघांची नावं-पत्ते, काय काम, किती पैसे, कधी देणार. प्रत चार वर्षं ठेवावी लागते, ती मंडळाच्या फाइलमध्ये राहील.

प्रेषक: हेमंत

विषय थोडा वेगळा, पण इथे जाणती माणसं आहेत. माझा भाचा मागच्या वर्षी एका कन्सल्टिंग कंपनीत लागला (नाव लिहीत नाही). दोन वर्षांच्या आत सोडलं तर ट्रेनिंगचे १२,००० भर, अशा कागदावर सही घेतली. ट्रेनिंग म्हणजे तीन आठवडे जुने व्हिडिओ. आता त्याला चांगली नोकरी मिळतेय आणि पोरगा रात्र रात्र झोपत नाही. नवीन कायद्याने हे बंद झालं असं ऐकलं.

प्रेषक: अनघा

हेमंतराव, तो एबी ६९२. नोकरी सोडली तर पैसे परत कर, अशी अट त्याने बेकायदा ठरवली. साइनिंग बोनससारखे (रुजू होताना मिळणारी रक्कम) काही अपवाद आहेत, तेही अटींसकट. पण तो १ जानेवारी २०२६ पासून पुढे केलेल्या करारांना लागू आहे. भाच्याचा करार मागच्या वर्षीचा, म्हणजे त्याच्यावर हा कायदा थेट बसणार नाही. तरी त्याला घाबरून पैसे भरू देऊ नका. जुन्या कायद्यांखालीही वकील बरंच काही करू शकतात. कागद घेऊन कामगार कायद्याच्या वकिलाकडे जा, राजीनामा द्यायच्या आधी.

प्रेषक: हेमंत

आधी, हे बरं सांगितलंत. तो शुक्रवारीच मेल टाकणार होता. थांबवतो.

प्रेषक: नाना

४३.६० हा काय आकडा झाला? ४४ करा.

प्रेषक: मंजिरी

नाना, ज्या नव्वद जणांनी ४३.६० भरून तिकिटं घेतली, त्यांच्यापेक्षा नंतरच्यांकडून ४० सेंट जास्त का घ्यायचे?

प्रेषक: श्रीकांत

पान बदललं. आता पहिल्या ओळीतच ४३.६०, सभासद-बिगरसभासद दोन्ही रकान्यांत पूर्ण रक्कम. घेतलेल्या तिकिटांना काही करायचं नाही. जुना ४० चा फ्लायर कृपया पुढे पाठवू नका, आणि प्लेझंटन गावच्या ग्रुपवर कोणी टाकला असेल तर काढून टाका. नवा अर्ध्या तासात पाठवतो. दारावर रोख देणाऱ्याला ४०. रोखीची सवलत देता येते, आणि तिथे आपल्याला फी पडत नाही.

प्रेषक: नाना

रोखीच्या टेबलावर मी बसतो. दहा-दहाच्या सुट्ट्या नोटा बँकेतून आदल्या दिवशी कोण आणणार तेवढं सांगा.