टॉक्स, फ्लेक८, ब्लॅक, आयसॉर्ट: लहान पायथन प्रकल्पाला एवढी साधने लागतातच का?

प्रश्न:
आमचा सुमारे ६,००० ओळींचा पायथन प्रकल्प आहे आणि त्यावर चौघे काम करतात. कोडच्या चुका व शैली तपासायला फ्लेक८, कोडची मांडणी एकसारखी करायला ब्लॅक आणि इम्पोर्टचा क्रम लावायला आयसॉर्ट, तर चाचण्यांसाठी टॉक्समधून (पायथनच्या वेगवेगळ्या आवृत्त्यांवर चाचण्या चालवणारे साधन) पायटेस्ट चालते, आणि या सर्वांच्या सेटिंग्ज चार वेगवेगळ्या फायलींत विखुरलेल्या आहेत. ब्लॅक एखादी ओळ "यादी[सुरुवात + १ : शेवट]" अशी लिहितो आणि फ्लेक८ त्याच ओळीवर ई२०३ ची (अपूर्णविरामाआधी मोकळी जागा असल्याची) तक्रार करतो. कित्येकदा स्वतःच्या संगणकावर सर्व तपासण्या हिरव्या (पास) दिसतात आणि सर्व्हरवर लाल (नापास) होतात. प्री-कमिट (प्रत्येक कमिटआधी तपासण्या चालवणारे साधन) बसवून त्यात चाचण्याही घातल्या, तेव्हा प्रत्येक कमिटला तीन मिनिटे लागू लागली आणि सर्वजण तपासणी टाळूनच कमिट करू लागले. हे सोपे कसे करावे?

उत्तर १:
ई२०३ च्या भांडणात ब्लॅकची बाजू बरोबर आहे. अशा ठिकाणी अपूर्णविरामाच्या दोन्ही बाजूंना सारखी जागा असावी असे पेप ८ या पायथनच्या अधिकृत शैली-मार्गदर्शिकेतच म्हटले आहे, त्यामुळे तो नियम खुशाल बंद करावा. मात्र माझ्या मते आपण तिन्ही साधने काढून रफ वापरावे. ते या तिन्हींची कामे करते आणि फ्लेक८ जी पायप्रोजेक्ट.टॉमल ही प्रकल्पाच्या सेटिंग्जची फाइल स्वतःहून वाचत नाही, ती रफ वाचते. एका ठिकाणी बहुतेकजण फसतात: रफचा फॉरमॅट हा आदेश इम्पोर्टचा क्रम लावत नाही. त्यासाठी नियमांच्या निवडीत "आय" हे अक्षर स्वतः घालावे लागते आणि चेक हा आदेश दुरुस्तीच्या पर्यायासह आधी चालवावा लागतो.

टॉक्सचे म्हणाल, तर प्रकल्प पायथनच्या एकाच आवृत्तीवर चालणार असेल तर मला त्याची गरज वाटत नाही. अनेक आवृत्त्यांसाठी लायब्ररी प्रसिद्ध करत असाल तर ते जरूर ठेवा.

उत्तर २:
वरील मताशी सहमत आहे, परंतु खरे दुखणे प्री-कमिटमधल्या चाचण्यांचे आहे. कमिटच्या वेळी दोन-तीन सेकंदांत संपेल तेवढेच तिथे ठेवावे आणि पूर्ण पायटेस्ट सर्व्हरवर चालवावे. संथ चाचण्यांना "स्लो" अशी खूण करून रोजच्या कामात त्या वगळता येतात. फक्त खुणांबाबत काटेकोरपणाचा पर्याय चालू ठेवावा. आमच्याकडे एकाने त्या खुणेचे स्पेलिंग चुकवले होते, पायटेस्टने केवळ इशारा दिला, तो कोणी वाचला नाही आणि ती संथ चाचणी महिनाभर सर्वांचा वेळ खात राहिली.

संगणकावर हिरवे आणि सर्व्हरवर लाल यामागे बहुधा साधनांच्या आवृत्त्यांमधील फरक असतो. प्री-कमिटच्या फाइलमध्ये प्रत्येक साधनाची नेमकी आवृत्ती लिहा आणि सर्व्हरवरही तोच प्री-कमिट सर्व फायलींवर चालवा, कारण कमिटच्या वेळी तो फक्त त्या कमिटमध्ये घेतलेल्या फायली पाहतो.

उत्तर ३:
रफ लावण्यापूर्वी उघड्या शाखा विलीन करून घ्याव्यात, नाहीतर प्रत्येक शाखेत संघर्ष सोडवत बसावे लागेल. त्यानंतर सर्व कोडची नवी मांडणी एकाच स्वतंत्र कमिटमध्ये करावी आणि त्या कमिटचा हॅश ".गिट-ब्लेम-इग्नोर-रेव्ह्ज" या फाइलमध्ये नोंदवावा, म्हणजे ब्लेम (प्रत्येक ओळ शेवटी कोणी बदलली हे दाखवणारा गिटचा आदेश) ते बदल वगळतो. गिटमध्ये ही सोय २०१९ च्या २.२३ आवृत्तीपासून आहे. गिटहब या नावाची फाइल आपोआप ओळखते. स्वतःच्या संगणकावर मात्र ती गिटच्या सेटिंग्जमध्ये एकदा सांगावी लागते. हे केले नाही, तर ब्लेममध्ये निम्म्या ओळींवर मांडणी करणाऱ्याचेच नाव दिसते आणि मूळ बदल कोणी का केला हे शोधणे किचकट होते.

प्रश्नकर्ता:
सर्वांचे आभार. टॉक्स काढले, सर्व सेटिंग्ज एका फाइलमध्ये आणल्या आणि आता कमिटला दोन सेकंदही लागत नाहीत. जुन्या फ्लेक८ च्या सेटिंग्जमध्ये चाचण्यांचा फोल्डर कोणीतरी वगळून ठेवला होता, तो या वेळी तपासणीत आला आणि रफने एफ८११ दाखवला: एकाच फाइलमध्ये एकाच नावाच्या दोन चाचण्या होत्या, म्हणजे दुसरीने पहिलीला झाकले होते आणि पहिली आजवर कधी चाललीच नव्हती. तिचे नाव बदलून चालवली, तर ती नापास झाली. रिकामी यादी आली की आमचे फंक्शन कोसळते. ती दुरुस्ती आता वेगळ्या कमिटमध्ये घेत आहे.