हॉलच्या परत आलेल्या पैशांचं काय करायचं?

प्रेषक: सचिव, मराठी मंडळ, मॅसॅच्युसेट्स (अमेरिका)
शुक्रवार, १५ जानेवारी २०२१

मंडळी, तिळगूळ घ्या, गोड बोला.

कोविडमुळे कार्यक्रम रद्द झाले, त्यामुळे संक्रांतीच्या हळदीकुंकवासाठी घेतलेल्या हॉलचं भाडं पूर्ण परत आलं आहे. गणपतीच्या हॉलचं आधीच आलं होतं. हे पैसे बँकेत पडून राहण्यापेक्षा आत्ता कुणाच्या तरी कामी यावेत, असं कार्यकारिणीचं मत पडलं. दोन सूचना आल्या आहेत. आपण स्वतः किराण्याची किट करून वाटायची, किंवा रक्कम महाराष्ट्रातल्या एखाद्या संस्थेला पाठवायची. तुमची मतं कळवा.

आणखी एक. आपल्यातल्याच एका कुटुंबाचं पत्र मला आलं. त्यांच्या परवानगीने, नाव-गाव काढून, खाली देतो.

"ह्यांची नोकरी सप्टेंबरात गेली. साठ दिवसांच्या आत दुसरी मिळाली, त्यामुळे एच-वन (नोकरीचा व्हिसा) वाचला, पण पगार बराच कमी आहे. मधला काळ क्रेडिट कार्डावर काढला. मी एच-फोरवर (जोडीदाराच्या व्हिसावर), मला काम करता येत नाही. स्टिम्युलसचे (कोविडमधल्या सरकारी मदतीचे) पैसे सगळ्यांना आले, आम्हाला आले नाहीत, कारण माझ्याकडे सोशल सिक्युरिटी नंबर नाही, आयटीन (नुसता कर भरण्यापुरता नंबर) आहे, आणि टॅक्स रिटर्न आम्ही एकत्र भरतो. दोन महिन्यांचं भाडं थकलंय. घर तापवायच्या ऑइलच्या तळघरातल्या टाकीचा काटा पावाच्या खाली आलाय. मंडळाकडून पैसे नकोत. कुठे विचारायचं, तेवढं कुणी सांगितलं तर बरं होईल."

— सचिव

*

प्रेषक: नाना, श्रूजबरी
शनिवार, १६ जानेवारी

दादा,

पत्र वाचून रात्री झोप लागली नाही. आपल्या गणपतीच्या पंगतीत बसणारं घर हे, आणि आपल्याला पत्ता नाही.

माझं मत किराण्याच्या किटला. बहात्तरच्या दुष्काळात मी बीडकडे शाळेत होतो. आई दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची आणि आम्हा पोरांना सुकडी मिळायची. त्या सुकडीवर आम्ही जगलो, हे मी कधी विसरणार नाही. भुकेल्या माणसापुढे आधी ताट ठेवावं, फॉर्म नंतर. सरकारी मदतीचे अर्ज करायचे म्हणजे महिने जातात. आपण पन्नास घरं धरू, गाड्या आपल्या आहेत, शनिवारी-रविवारी पोचवून येऊ.

— नाना

*

प्रेषक: ताई, चेम्सफर्ड
रविवार, १७ जानेवारी

नाना, दादा आणि सगळे,

मी लोवेलच्या बाजूला गरीब घरांना मदत करणाऱ्या एका कम्युनिटी अ‍ॅक्शन एजन्सीत फ्यूएल असिस्टन्सचे (घर तापवायच्या इंधनासाठीच्या सरकारी मदतीचे) अर्ज घेते, त्यामुळे थोडं सविस्तर लिहिते. आधी त्या कुटुंबासाठी, कारण टाकी थांबणार नाही.

उद्या मार्टिन ल्यूथर किंग दिनाची सुट्टी आहे. मंगळवारी सकाळी ऑफिस उघडताच आपल्या गावाच्या एजन्सीला फोन करा. कोणती ते माहीत नसेल तर २११ या मदतीच्या फोन नंबरवर विचारा. बोस्टनला एबीसीडी, लोवेलला कम्युनिटी टीमवर्क, फ्रेमिंगहॅमला एसएमओसी, वुस्टरला वुस्टर कम्युनिटी अ‍ॅक्शन कौन्सिल, असं भागाभागाने वाटलेलं आहे. दोन-तीन दिवसांपुरतंच तेल उरलं असेल तर ते पहिल्याच वाक्यात सांगा, अशा घराचा अर्ज आधी हातात घेतात. मागच्या चार आठवड्यांच्या पे स्टब (पगाराच्या पावत्या), ओळखपत्र, भाड्याचा करार, विजेचं बिल, ऑइल कंपनीचं बिल, एवढं जवळ ठेवा. हंगाम १ नोव्हेंबर ते ३० एप्रिल असतो, म्हणजे अजून वेळ आहे. पैसे थेट ऑइल कंपनीला जातात आणि ते परत फेडायचे नसतात. मंजुरी मिळाली की त्याच कागदावर विजेच्या बिलात सवलत मिळते, आणि पुढे घराच्या भिंतींत इन्सुलेशन भरून देण्याच्या कामासाठीही नंबर लागू शकतो. एका अर्जात इतकी दारं उघडतात, हे बहुतेकांना ठाऊकच नसतं.

आपल्याकडे एच-वनवाल्या घरात "आपण कुठे गरिबीत बसतो" असं घरीच ठरवून टाकतात. कृपा करून असं करू नका. फ्यूएल असिस्टन्सची मर्यादा राज्याच्या मधल्या उत्पन्नाच्या ६० टक्के आहे. मॅसॅच्युसेट्समध्ये ती आपल्याला वाटते त्यापेक्षा बरीच वर आहे. बसतो की नाही ते आम्हाला ठरवू द्या, तुम्ही फक्त फोन करा.

भाड्यासाठी राज्याचा राफ्ट कार्यक्रम आहे. घर खाली करायला लावण्यावरची राज्याची बंदी १७ ऑक्टोबरला उठली, आणि त्याच सुमारास राफ्टची कमाल रक्कम ४ हजार डॉलरवरून १० हजारांवर नेली. उत्पन्नाची अट तिथे जास्त कडक आहे आणि रांगही मोठी आहे, म्हणून आजच अर्ज टाका. घरमालकालाही त्यात कागद भरावे लागतात, तेव्हा त्यांच्याशी आधीच बोला. भाडं थकलंय म्हणून लपून राहिलात तर अर्ज तिथेच अडतो.

स्टिम्युलसचं: मार्च २०२० च्या केअर्स कायद्यात (कोविडच्या मदतीच्या) एकत्र रिटर्न भरणाऱ्या जोडप्यात एकाकडे सोशल सिक्युरिटी नंबर नसेल तर दोघांनाही वगळलं होतं. डिसेंबरच्या कायद्याने ते मागच्या तारखेपासून बदललं. आता नंबर असलेल्या जोडीदाराचे १२०० आणि नंबर असलेल्या प्रत्येक मुलामागे ५०० डॉलर २०२० च्या रिटर्नमध्ये रिकव्हरी रिबेट क्रेडिट म्हणून मागता येतात. आयआरएस (कर खातं) १२ फेब्रुवारीपासून रिटर्न घेणार आहे. अनेक कम्युनिटी अ‍ॅक्शन एजन्सींमध्ये रिटर्न फुकट भरून देणारे स्वयंसेवक बसतात. तिथे जा, कुणाला फी देऊ नका.

आता नानांच्या मुद्द्याकडे येते. नाना, सुकडी तुमच्यापर्यंत पोचली कारण कामावर मुकादम होता, हजेरीपट होता, कुठल्या घरातली किती माणसं खडी फोडताहेत याची नोंद होती. इथला हजेरीपट या एजन्सींकडे आहे. १९६४ मध्ये जॉन्सन यांच्या काळात गरिबीविरुद्धचा कायदा झाला, त्यातून या निघाल्या. आज देशभरात हजाराच्या आसपास आहेत, जवळजवळ प्रत्येक काउंटीत. कायद्याने त्यांच्या संचालक मंडळात एक तृतीयांश माणसं गरीब वस्त्यांनी निवडलेली असावी लागतात, एक तृतीयांश लोकप्रतिनिधी, बाकीचे इतर क्षेत्रांतले. म्हणजे ज्याच्या घरी हीटर बंद पडतो तोही त्या टेबलाशी बसून पैसे कुठे जावेत ते बोलतो. मला या नोकरीतली ही गोष्ट सगळ्यात मोलाची वाटते.

मार्च २०२० मध्ये सगळं बंद झालं तेव्हा हे जाळं तयार होतं. केअर्स कायद्यात काँग्रेसने कम्युनिटी सर्व्हिसेस ब्लॉक ग्रँटला (या एजन्सींना मिळणाऱ्या केंद्राच्या निधीला) १ अब्ज डॉलर दिले. वर्षाला एरवी या ग्रँटला जेमतेम ७४ कोटी मिळतात. या ग्रँटमधून मदत मिळण्यासाठीची उत्पन्नाची मर्यादाही दारिद्र्यरेषेच्या १२५ टक्क्यांवरून २०० टक्क्यांपर्यंत नेता येऊ लागली. चार माणसांच्या घराला २०२० ची रेषा २६,२०० डॉलर होती, म्हणजे ५२,४०० पर्यंतची घरं आत आली. आदल्या महिन्यापर्यंत ज्यांना "तुम्ही बसत नाही" म्हणून परत पाठवावं लागत होतं, त्यांना आम्ही स्वतः फोन केले. त्यातले कितीतरी उबर चालवणारे, हॉटेलात भांडी घासणारे, नेल सलूनमध्ये काम करणारे होते.

आमचं ऑफिस बंद झालं, दाराबाहेर टपालासारखी लोखंडी पेटी लावली. लोक त्यात कागद टाकून जायचे. सुरुवातीला विषाणूच्या भीतीने ती पाकिटं एक दिवस बाजूला ठेवून मग उघडायचो. एका पाकिटात पे स्टबऐवजी पिझ्झाच्या पावतीच्या मागे मालकाने हाताने लिहून दिलं होतं: या माणसाला आठवड्याला इतके तास देत होतो, आता देऊ शकत नाही, खाली सही आणि फोन नंबर. मी त्या नंबरवर फोन केला. मालक म्हणाला, माझंही दुकान बंद आहे, माझ्यासाठी काही आहे का? त्या दिवशी त्या दोघांचेही अर्ज घेतले.

हेड स्टार्टचे (गरीब घरांतल्या लहान मुलांसाठीचे सरकारी) बालवर्ग बंद पडले तेव्हा तिथल्या शिक्षिका स्वतःच्या गाड्यांतून घरोघर डायपर, दूध आणि रंगाचे खडू पोचवत होत्या. डायपर का, तर फूड स्टॅम्पवर (अन्नासाठीच्या सरकारी मदतीवर) डायपर घेता येत नाहीत. साबण नाही, सॅनिटरी पॅड नाहीत. सरकारी पैशाच्या प्रत्येक डॉलरवर तो कशासाठी ते लिहिलेलं असतं, त्यामुळे अशा वस्तू नेहमी कमी पडतात. आपल्या हॉलच्या पैशावर तसं काही लिहिलेलं नाही. म्हणून माझी सूचना अशी की रक्कम एजन्सीला द्यावी आणि अशा वस्तूंसाठी द्यावी.

आणि पैशांहून जास्त एका गोष्टीची गरज आहे. आमच्याकडे स्पॅनिश, पोर्तुगीज, ख्मेर बोलणारी माणसं आहेत. मराठी, हिंदी, गुजराती, तेलुगू बोलणारं माझ्याशिवाय कुणी नाही. पेट्रोल पंपावर रात्रपाळी करणारे, मोटेलमध्ये खोल्या साफ करणाऱ्या बाया, मुलाकडे आलेले आणि विमानं बंद झाल्यावर इथेच अडकलेले आईवडील, हे लोक इंग्रजीतला रेकॉर्ड केलेला आवाज ऐकला की फोन ठेवून देतात. फोनवर बसून त्यांचे अर्ज भरून घेणारी पाच माणसं मंडळाने दिली, तर मला त्याचा फार आधार होईल.

— ताई

*

प्रेषक: वेस्टबरोचा एक नवा सभासद
रविवार, १७ जानेवारी

ताई, खूप उपयोगी मेल. एक शंका. आमचं ग्रीन कार्ड रांगेत आहे. अशी मदत घेतली तर पब्लिक चार्जच्या नियमात (सरकारवर भार ठरेल त्याला ग्रीन कार्ड नाकारण्याच्या) अडकत नाही ना? एच-वनच्या एक्स्टेन्शनच्या फॉर्मवरही आता तो प्रश्न विचारतात. या भीतीने आमच्या बिल्डिंगमधल्या दोन घरांनी शाळेतलं फुकट जेवणसुद्धा घेतलं नाही.

*

प्रेषक: ताई, चेम्सफर्ड
सोमवार, १८ जानेवारी

शाळेतलं जेवण त्या नियमात मोजतच नाहीत. त्या दोन घरांना आजच सांगा, प्लीज. मुलांच्या तोंडचा घास नुसत्या अफवेने गेला.

सध्याच्या (जानेवारी २०२१ च्या) नियमात मोजतात ते असं: रोख मदत, फूड स्टॅम्प, काही अपवाद सोडून मेडिकेड (कमी उत्पन्नवाल्यांचा सरकारी आरोग्य विमा), आणि सेक्शन आठसारखी घराची मदत. फ्यूएल असिस्टन्स, विक (गरोदर बायका आणि लहान मुलांच्या आहाराची मदत), हेड स्टार्ट, फूड पॅन्ट्री, शाळेतलं जेवण हे त्यात नाही. कोविडची तपासणी आणि उपचारही नाहीत. तरी प्रत्येकाचा व्हिसा वेगळा असतो, तेव्हा फूड स्टॅम्प किंवा मेडिकेडचा प्रश्न असेल तर अर्ज करण्याआधी इमिग्रेशनच्या वकिलाला विचारा. फुकट सल्ला देणाऱ्या लीगल एडचा नंबर २११ वर मिळतो.

— ताई

*

प्रेषक: नाना, श्रूजबरी
सोमवार, १८ जानेवारी

ताई,

मुकादमाचं म्हणालीस ते पटलं. आमच्या कामावरचा मुकादम कडक होता, पण सुकडी कुणाची बुडाली नाही.

तरी एक हट्ट धरतो. मी गेल्या उन्हाळ्यात एका पॅन्ट्रीत डबे भरायला जात होतो. डब्यात डबाबंद बीन्स, चीज, दूध, शिजवलेलं मांस. आपली शाकाहारी म्हातारी माणसं त्यातलं काय खाणार? एका आजींनी डबा घेतला, दूध आणि बटाटे काढून घेतले आणि बाकी सगळं हात जोडून परत केलं. रकमेतला काही भाग तूरडाळ, तांदूळ, कणीक आणि तेलासाठी ठेवा. वाटायचं कुठे आणि कुणाला ते एजन्सी ठरवू दे, आपण माल पोचवू. व्हॅन माझी.

— नाना

*

प्रेषक: खजिनदार
मंगळवार, १९ जानेवारी

सर्वांना,

आपलं मंडळ ५०१(सी)(३), म्हणजे करमुक्त धर्मादाय संस्था, आहे. कुणा एका घराला थेट पैसे द्यायचे म्हटलं तर निवड कशी केली, कुणी केली, याचं दप्तर ठेवावं लागतं, आणि ओळखीतल्यांनाच दिले असा बोल लागतो. एजन्सीही करमुक्त संस्था आहे, पावती मिळते, हिशेब सरळ राहतो. म्हणून ताईंची सूचना मला सोयीची वाटते. नानांच्या मालाचं बिलही मंडळाच्या नावावर घ्या, हरकत नाही.

महाराष्ट्रात पाठवायचं असेल तर ज्याने त्याने स्वतःच्या खिशातून पाठवावं असं मला वाटतं. परदेशात रक्कम पाठवायला मंडळाला वेगळी कागदपत्रं लागतात आणि त्यात हा हिवाळा निघून जाईल.

बुधवारी संध्याकाळी कार्यकारिणीची झूम बैठक आहे, तिथे मतदान घेऊ.

— खजिनदार

*

प्रेषक: ताई, चेम्सफर्ड
गुरुवार, २१ जानेवारी

ठराव झाल्याचं कळलं. मनापासून आभार.

ज्या घराचं पत्र होतं, त्यांनी मंगळवारी फोन केला, अर्ज दाखल झाला आहे. यापुढचं त्यांचं ते सांगतील तर सांगतील, यादीवर कुणी विचारू नये.

फोनवर बसायला सात नावं आली आहेत. त्यातल्या चौघी एच-फोरवर आहेत. काम बिनपगारी आहे आणि एजन्सीच्या स्वयंसेवक यादीत तुमचं नाव जाईल. तुमच्या व्हिसावर ते चालतं ना, एवढं एकदा वकिलाला विचारून घ्या. पहिलं प्रशिक्षण शनिवारी सकाळी दहाला झूमवर. लोकांचं उत्पन्न, आजारपण, नवराबायकोची भांडणं सगळं तुमच्या कानावर येईल. त्यातलं एक अक्षर घराबाहेर जाता कामा नये. ज्यांना हे जमणार नाही त्यांनी नानांबरोबर डाळ मोजायला जावं, तिथेही माणसं कमी आहेत.

खरेदीला जाणाऱ्यांसाठी: डायपर चार, पाच आणि सहा नंबरचे घ्या. नवजात बाळांचे सगळेच आणून देतात, मोठ्या मापाचे कायम संपलेले असतात. डाळ-तांदूळ कंपनीच्या सीलबंद पाकिटातच हवेत, सुटे भरून चालत नाहीत. माल सोमवारी दुपारी दोननंतर मागच्या दाराने आणा, पुढच्या दाराशी लोकांची रांग असते.

— ताई