विषय: एएपीचा करार – दत्तकाची तारीख लागण्याआधी काय विचारावं?

प्रेषक: मृ.

नमस्कार मंडळी,

गणपतीच्या कार्यक्रमात आमच्याबरोबर दोन मुलं होती, ती काहींनी पाहिली असतील. बहीण नऊ वर्षांची, भाऊ चारचा. दीड वर्षापासून ती फॉस्टर केअरमधून, म्हणजे सरकारने तात्पुरती दुसऱ्या घरी सांभाळायला दिलेली मुलं म्हणून, आमच्याकडे आहेत. जन्मदात्या आईवडिलांचे हक्क कोर्टाने संपवले, अपिलाची मुदतही गेली, आणि आता दत्तकाची तारीख लागायची आहे.

गेल्या आठवड्यात कॅलिफोर्नियातल्या आमच्या काउंटीच्या (जिल्ह्याच्या) वर्करने एएपीचे, म्हणजे दत्तक मुलासाठी सरकार मदत देतं त्या दत्तक साहाय्य योजनेचे कागद काढले. म्हणाली, तुम्ही दोघंही नोकरी करता, तुम्हाला याची गरज दिसत नाही. नको असं लिहून सही केलीत तर काम लवकर पुढे सरकेल. यांचं म्हणणं, सही करून मोकळं होऊ. माझं मन काही धजत नाही. धाकट्याचं बोलणं अजून अडखळतं, दातांचंही बरंच काम आहे. ज्यांनी यातून पार पडून पाहिलंय त्यांनी कृपया सांगा.

मृ.

---

प्रेषक: द. काका

मृ., सर्वप्रथम तुम्हा दोघांचं मनापासून अभिनंदन. फार मोठं काम करताय.

पैशांबद्दल माझं मत स्पष्ट सांगतो. देवदयेने तुमचं बरं चाललं आहे. सरकारी मदत ज्यांना खरोखर गरज आहे त्यांच्यासाठी राहू द्यावी. शिवाय उद्या कुणी म्हणायला नको की पैसे मिळतात म्हणून मुलं आणली. मुलांच्या कानावर असं काही जाऊ नये, एवढीच काळजी.

द. काका

---

प्रेषक: वै.

मृ., तो नकाराचा कागद सही करू नकोस. बाकीचं नंतर वाच, पण हे आधी.

एएपीच्या करारावर दोन्ही बाजूंच्या सह्या दत्तकाचा हुकूम निघण्याच्या आधी व्हाव्या लागतात. जजने सही केली आणि तुमचा करार झालेला नसेल, तर नंतर तो मिळवणं फार कठीण. त्यासाठी राज्याकडे सुनावणी मागावी लागते आणि पात्र असूनही आपल्याला नीट माहिती दिली गेली नव्हती, असं काहीतरी दाखवून द्यावं लागतं. तारीख महिनाभर पुढे गेली तरी चालेल. मुलं तुझ्याच घरी आहेत, ती कुठे जात नाहीत.

काका, तुमची काळजी खरी आहे, म्हणून सविस्तर लिहिते. ही मदत मिळणार की नाही हे आईबापांची परिस्थिती बघून ठरत नाही. अमेरिकेच्या केंद्र सरकारचा नियमच आहे की दत्तक घेणाऱ्यांच्या उत्पन्नावरून मुलाची पात्रता ठरवायची नाही. कायदा १९८० चा, राष्ट्राध्यक्ष कार्टर यांच्या सहीने झालेला. त्याआधी अनेक घरांत अडचण अशी व्हायची की वर्षानुवर्षं सांभाळलेलं मूल दत्तक घेतलं की फॉस्टर केअरचा भत्ता आणि औषधपाणी दोन्ही बंद. बेताच्या कमाईची माणसं मग मुलाला पोटच्या पोरासारखं वाढवायची, पण कागदोपत्री ते पाहुणंच राहायचं. ती कोंडी फोडायला ही योजना आली. २०२३ च्या सप्टेंबरअखेर देशात सुमारे ३ लाख ४३ हजार मुलं फॉस्टर केअरमध्ये होती. यातल्या प्रत्येकाला परत आईबापांकडे जाता येत नाही, आणि मोठ्या वयाच्या किंवा दोन-तीन भावंडं एकत्र असलेल्या मुलांना घर मिळायला सगळ्यात वेळ लागतो.

मृ., तुझी दोन्ही मुलं पात्र ठरतील असं मला वाटतं. कायद्यात ‘स्पेशल नीड्स’ असं म्हटलंय म्हणून अपंगत्वच असायला हवं असं नाही. कॅलिफोर्नियात वय तीन किंवा त्याहून जास्त असणं, भावंडांना एकत्र ठेवायचं असणं, आजार, जन्मदात्यांच्या पूर्वेतिहासामुळे पुढे त्रास होण्याचा संभव, यातलं एकही कारण पुरतं.

रक्कम बोलणी करून ठरते. मुलाची गरज आणि घरची परिस्थिती दोन्ही विचारात घेतात, आणि मूल फॉस्टर केअरमध्येच राहिलं असतं तर जेवढे मिळाले असते त्याच्या वर जाता येत नाही. पैसे आज अजिबात नको असतील तर शून्य रकमेचा करार करा, पण करार कराच. म्हणजे पुढे गरज पडली तर दार उघडं राहतं आणि मेडी-कॅल, म्हणजे राज्याचा सरकारी आरोग्य विमाही चालू राहतो. कॅलिफोर्नियात दर दोन वर्षांनी फेरआढाव्याचा कागद येतो, आणि मध्येच काही उद्भवलं तर तेव्हाही फेरविचार मागता येतो. मात्र मागायचं आपण. मुलाला आणखी काय लागतंय हे विचारायला कुणी आपणहून फोन करत नाही.

आमचा मुलगा आला तेव्हा तीन वर्षांचा होता. डॉक्टरला दात दाखवायला तोंडच उघडेना. शेवटी भूल देऊन आठही दाढांना टोप्या बसवल्या. आमच्या नोकरीच्या विम्यात त्या भुलीचा खर्च बसत नव्हता, मेडी-कॅलमध्ये झाला. मग मधली काही वर्षं इतकी सुरळीत गेली की आता मदतीची काय गरज, असं आम्हीच बोलायला लागलो होतो. सातव्या वर्षी शाळेतून फोन सुरू झाले. फायर ड्रिलची घंटा वाजली की पोरगं टेबलाखाली शिरायचं आणि तासभर बाहेर यायचं नाही. सगळा वर्ग परत आत येऊन बसलेला, आणि बाई जमिनीवर बसून त्याच्याशी हळूहळू बोलताहेत. त्याला योग्य थेरपिस्ट मिळाली ती विमा न घेणारी. तेव्हा आम्ही करार पुन्हा उघडायला लावला, तिची पत्रं जोडली आणि रक्कम वाढवून घेतली. करार नसता तर हे सगळं पगारातून झालंही असतं, काका, पण आठवड्याला दोनऐवजी एकच सत्र परवडलं असतं.

लोकांचं म्हणाल, तर हळदीकुंकवाला मलाही विचारलंय, ‘महिन्याला किती देतात गं?’ मुलं शेजारी असताना. त्याचा मला आजही राग येतो. महाराष्ट्रात बालसंगोपन योजनेत आत्या, मावशी, आजी यांच्याकडे वाढणाऱ्या मुलांसाठी सरकार महिन्याला २,२५० रुपये देतं. त्या आत्याला पैशांसाठी मूल ठेवलं असं आपण म्हणू का? बोलणाऱ्यांना गप्प करणं हे आपल्या मंडळाचं काम आहे. मुलांनी हक्काचं सोडणं हा त्यावर उपाय नव्हे.

आणखी दोन गोष्टी. दुसऱ्या राज्यात राहायला गेलात तरी करार चालू राहतो, पैसे कॅलिफोर्नियाच देत राहतं. मदत साधारण अठरापर्यंत असते, पण शारीरिक किंवा मानसिक अपंगत्व असेल तर एकवीसपर्यंत वाढू शकते. म्हणून धाकट्याचे स्पीच थेरपीचे आणि दातांचे सगळे अहवाल आत्ताच फाइलला लावून घे. मुलांचं आरोग्य आणि शिक्षण याबद्दल काउंटीकडे जे काही आहे ते लेखी माग.

आणि मुलांच्या जन्मघराबद्दल इथे यादीवर काही लिहू नकोस. या मेल वर्षानुवर्षं राहतात. ते ज्याचं त्याने मोठेपणी कुणाला सांगायचं ते सांगू दे. मला फोन कर.

वै.

---

प्रेषक: शि.

वै. यांनी सगळं सांगितलंच आहे, मी फक्त टॅक्सचं सांगतो. दर वर्षी फेब्रुवारीत मला हाच प्रश्न कुणीतरी विचारतं.

केंद्राचं दत्तक टॅक्स क्रेडिट (भरायच्या टॅक्समधून थेट मिळणारी सूट) २०२५ साठी मुलामागे कमाल १७,२८० डॉलर आहे. राज्याने मूल ‘स्पेशल नीड्स’ ठरवलं असेल तर प्रत्यक्ष खर्च एक डॉलरही झाला नसला तरी पूर्ण क्रेडिट मागता येतं. दोन मुलं म्हणजे दुप्पट. फॉस्टर केअरमधल्या दत्तकाला खर्च जवळपास नसतोच, त्यामुळे ‘खर्च नाही तर क्रेडिट नाही’ असं समजून लोक ते सोडून देतात. फॉर्म ८८३९. पुरावा म्हणून एएपीचा करार लागतो, त्यासाठीही तो हवा.

उत्पन्नाची अट इथे मात्र आहे, आणि आपल्याकडची दोन नोकऱ्यांची घरं तिथेच अडकतात. २०२५ साठी सुधारित एकूण उत्पन्न २,५९,१९० डॉलरच्या वर गेलं की क्रेडिट कमी व्हायला लागतं आणि २,९९,१९० ला संपतं. हुकूम ज्या वर्षी निघेल ते वर्ष धरतात. त्या वर्षी कंपनीचे शेअर हातात पडणार असतील किंवा घर विकायचं असेल तर आधी बोला. ४०१के मध्ये (नोकरीतल्या निवृत्ती बचतीच्या खात्यात) जास्त भरून आकडा खाली आणता येतो. २०२५ पासून यातले ५,००० डॉलरपर्यंत टॅक्स भरायचा नसला तरी परत मिळतात, उरलेलं पाच वर्षं पुढे नेता येतं.

एएपीचे महिन्याचे पैसे सहसा करपात्र नसतात. वकील, कोर्ट वगैरे एकदाच होणाऱ्या खर्चाची भरपाई केंद्राच्या नियमात मुलामागे २,००० डॉलरपर्यंत बसते, पण कॅलिफोर्निया ४०० च देतं. तरी मागा.

पुण्याहून दत्तक घेणाऱ्या एका जोडप्याने मला वेगळं विचारलं होतं, त्यांच्यासाठी: ‘कारा’, म्हणजे भारताच्या केंद्रीय दत्तक प्राधिकरणामार्फत, भारतातून आणलेल्या मुलाला एएपी लागू होत नाही आणि ‘विनाखर्च’ क्रेडिटही नाही. तिथे प्रत्यक्ष खर्चावरच क्रेडिट मिळतं. पावत्या जपून ठेवा.

ज्यांच्या मनात मोठ्या मुलांचा विचार आहे त्यांच्यासाठी: तेराव्या वाढदिवसानंतर कधीही फॉस्टर केअरमध्ये असलेलं मूल पुढे दत्तक गेलं तरी कॉलेजच्या सरकारी आर्थिक मदतीच्या (फाफ्सा) अर्जात स्वतंत्र विद्यार्थी धरलं जातं. आईवडिलांचं उत्पन्न मोजत नाहीत.

शि.

---

प्रेषक: द. काका

वै., तुझी मेल दोनदा वाचली. यात उत्पन्न बघत नाहीत हे मला ठाऊक नव्हतं. हळदीकुंकवाचं वाचून फार वाईट वाटलं. समितीच्या पुढच्या बैठकीत मी स्वतः हा विषय काढतो.

द. काका

---

प्रेषक: मृ.

सगळ्यांचे आभार. आज सकाळी वर्करला लेखी कळवलं की आम्ही नकारावर सही करणार नाही, दोन्ही मुलांसाठी वेगवेगळा करार हवा. तिने बुधवारी बोलणी ठेवली आहेत. धाकट्याच्या स्पीच थेरपिस्टचं पत्र मिळालं, दातांच्या डॉक्टरांचं उद्या येईल. वै. ताई, मंगळवारी रात्री नऊनंतर फोन करते, तेव्हा दोघं झोपलेली असतात. शि., शेअर नोव्हेंबरात हातात पडणार आहेत आणि तारीख डिसेंबरात लागेल असं दिसतंय, तेव्हा तुमच्याशीही बोलायला लागेल.

मृ.