बोट ट्रेलरवर असताना ऑइल लेव्हल नेमकी कशी बघायची?

मंडळी मदत हवी आहे. शापोऱ्याला आमची छोटी फायबरची बोट, 60 एचपी फोर स्ट्रोक आउटबोर्ड (मागे बाहेरून लावलेलं इंजिन), पावसाळाभर घराकडे ट्रेलरवर झाकून होती. आता पाण्यात घालायच्या आधी डिपस्टिक बघितली तर ऑइल वरच्या खुणेच्याही वर, आणि टॉप अप तर कोणी केलेलंच नाही! इंजिन खाली सरळ उभं करूनच बघितलं, पण अंगणाला उतार, ट्रेलरचा जॅक जरा वरखाली केला की रीडिंग बदलतं, मग खरं कुठलं धरायचं? ऑइल दुधाळ नाही म्हणजे पाणी नसावं, पण भाऊ म्हणतो पेट्रोलचा वास येतोय (मला सगळ्याच ऑइलला तसाच येतो). नदीत गरवताना (गळ टाकून मासे पकडताना) तासनतास स्लो चालवतो, त्यानं पेट्रोल ऑइलमध्ये उतरलं असेल काय? जादाचं नुसतं ओढून काढू की 10डब्ल्यू-30 ग्रेडचं ऑइल सगळंच नवीन घालू?