न्यूयॉर्कात सस्पेंड झालेला वकील न्यू जर्सीत चालतो का?

एडिसनकर:
घराचं क्लोजिंग (पैसे देऊन घर नावावर होण्याचा शेवटचा व्यवहार) पुढच्या महिन्यात आहे. आमच्या वकिलाकडे न्यूयॉर्क आणि न्यू जर्सी दोन्हीकडचं लायसन्स आहे, काल बायकोने सहज नाव टाकून बघितलं तर न्यूयॉर्कात सहा महिने सस्पेंड, त्याला विचारलं तर म्हणतो ते तिकडचं प्रकरण, इथे मी गुड स्टँडिंगमध्ये, म्हणजे लायसन्स चालू, आहे. डिपॉझिट त्याच्याच ट्रस्ट अकाउंटला (क्लायंटचे पैसे ठेवायचं वकिलाचं खातं) पडून आहे हो! खरंच काही संबंध नसतो का?

हडसनपार:
अर्धंच खरं सांगतोय. एकीकडचं लायसन्स गेलं की दुसरीकडचं आपोआप जात नाही. पण जर्सीच्या नियम १:२०-१४ प्रमाणे बाहेर शिक्षा झाली की वकिलानेच ऑफिस ऑफ अटर्नी एथिक्सला (वकिलांच्या गैरवर्तनाची प्रकरणं बघणारं ऑफिस) लगेच कळवायचं असतं, मग प्रकरण डिसिप्लिनरी रिव्ह्यू बोर्डाकडे जातं. पुन्हा पहिल्यापासून चौकशी होत नाही, तिकडे जे शाबीत झालं ते इकडेही शाबीतच धरतात, मग त्याने दाखवायचं की मला नोटीसच नव्हती किंवा इथे एवढी शिक्षा बसत नाही. ह्यात महिने जातात आणि तेवढे दिवस कागदावर तो गुड स्टँडिंगमध्येच असतो, म्हणून खोटं बोलतोय असंही म्हणता येत नाही.

डीसीवाला_डोंबिवलीकर:
न्यूयॉर्कचे माजी महापौर जुलियानी, वकीलच ते, त्यांचं आठवा. न्यूयॉर्कने जुलै २०२४ मध्ये सनद काढून घेतली, सप्टेंबरात वॉशिंग्टन डीसीनेही काढून घेतली, ती न्यूयॉर्कच्या निकालावरूनच. कोर्टाने कारणे दाखवा म्हटलं तर ह्यांनी उत्तरच दिलं नाही. माजी राष्ट्राध्यक्ष बिल क्लिंटनचंही तसंच, २००१ मध्ये आर्कान्सॉने ५ वर्षं सस्पेंड केलं, मग अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने सस्पेंड करून सनद का काढून घेऊ नये ते सांगायला ४० दिवस दिले, त्यांनी तिथल्या बारचा (वकिलांच्या यादीचा) सरळ राजीनामाच दिला.

साताऱ्याची_सनद:
आपल्याकडे हा घोळच नाही. १९६१ च्या अॅडव्होकेट्स अॅक्टप्रमाणे नाव एकाच राज्याच्या रोलवर (वकिलांच्या यादीत), महाराष्ट्र-गोवा बार कौन्सिलने सस्पेंड केलं की देशात कुठल्याच कोर्टात उभं राहता येत नाही. तक्रार वर्षभरात निकाली काढायची असंही त्याच कायद्यात लिहिलंय, असो.

हडसनपार:
@एडिसनकर, आधी न्यूयॉर्कची ऑर्डर वाचा, शिक्षा कशाबद्दल ते बघा. क्लायंटच्या पैशाला हात लावला असेल तर आजच दुसरा वकील बघा. जर्सीत १९७९ च्या विल्सन निकालापासून जाणूनबुजून क्लायंटचे पैसे वापरले की सनद गेलीच समजायची, २०२४ पर्यंत तर ती कायमचीच जायची, न्यूयॉर्कात निदान ७ वर्षांनी परत अर्ज करता येतो.

एडिसनकर:
वाचली. पैशाचं नाहीये, क्लायंटची कामं अंगावर घेऊन वर्षानुवर्षं उत्तरंच दिली नाहीत त्याबद्दल आहे. एथिक्स ऑफिसला कळवलंत का विचारलं तर म्हणे "कळवतोच आहे". ऑर्डर पाच महिन्यांपूर्वीची आहे. बायको म्हणते फाईल परत घ्या आणि चला.